गायकवाड सरांच्या क्लासातलं ‘तो म्हणाला’

शेजारी इंग्लिशचा क्लास असला की किस्से शोधावे लागत नाहीत. कुरडया वाळत घातल्या की चिमण्या येतात, तसे ते आपोआप अंगणात येतात. परंड्यात आमच्या आणि गायकवाड सरांच्या घरात एकच भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला माझे आहेत!

शाळा माझी नववीपर्यंत. पण सध्या मीपण शिकतेय: दुसऱ्याचं बोलणं इंग्लिशमध्ये कसं सांगायचं. क्लासात सगळ्यात जास्त घाई शबानाला. नर्सिंग झालंय, पुण्याच्या एका हॉस्पिटलचा इंटरव्ह्यू आलाय, तोपण इंग्लिशमध्ये! अब्बा टेलर, पण आता सुईत दोरा जात नाही. सगळं घर तिच्याकडं डोळे लावून बसलंय.

*

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “‘मी आजारी आहे’ असं कुणी म्हणालं, तर ते सांगताना ‘आहे’चं ‘होता’ करायचं.”

चहाचं हॉटेल चालवणारा बालाजी लगेच उठला. “मग आता बरा झाला का त्यो?”

“कुणास ठाऊक!”

“मग सर, जित्त्या माणसाला ‘होता’ कशाला करता?”

*

बालाजीनं मात्र नियम लईच मनावर घेतला. घरी मराठीतपण तोच! बायकोला म्हणाला, “सर म्हणले, त्यांची आई लई प्रेमळ होती.”

बायकोनं मला सांगितलं. सरांच्या आई धाकट्या लेकाकडं वाशीला असतात, म्हणून मला खरंच वाटलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण न्यायची आपल्याकडं रीत. साधं लुगडं नेसले, टोपल्यात पिठलं-भाकरी घेतली, डोळ्याला पदर लावला अन् दार वाजवलं.

दार उघडलं आईंनीच! सकाळच्या एसटीनं आल्या होत्या.

“का गं मंगल, रडतीस का?”

“न्हाय ओ आई, कांदा चिरत होते.”

त्यांनी टोपलं उघडून बघितलं. “मग ठेचा का न्हाय आणलास?”

*

एकदा सरांनी शबानाला विचारलं, “आज शेजारच्या काकू तुला काय म्हणाल्या, ते इंग्लिशमध्ये सांग.”

ती म्हणाली, काकू म्हणाल्या की त्या क्लास चोरून ऐकत नव्हत्या.

एवढं इंग्लिश मला आता कळतं. मी भिंतीआडूनच ओरडले, “म्या कुठं ऐकतेय?”

पलीकडनं सर म्हणाले, “काकू, टेन्स बरोबर आहे ना तिचा?”

“लई बरोबर हाय!”

*

शबानाचा इंटरव्ह्यू आमच्याच घरी झाला, मोबाईलवर. तिच्या घरात रेंज नाही, अन् माझ्या घरात रेंज पण आहे अन् मीपण आहे. कुकर बंद ठेवला, ह्यांना मळ्यात पाठवलं, अन् मी मोबाईलच्या मागं गुपचूप बसले.

सुरुवातीला पोरगी छान बोलली. मग तिकडच्या मॅडमनी इंग्लिशमध्ये विचारलं, “रात्री पेशंट तुम्हाला म्हणाला, ‘माझ्या छातीत दुखतंय.’ सकाळी डॉक्टर आल्यावर हे त्यांना कसं सांगाल?”

शबानाचे ओठ हलले, थांबले, परत हलले. दुखतंय? दुखत होतं? कपाळावर घाम. मला काही येत असतं तर मी मागनं सांगितलं असतं!

मग तिनं ओढणीनं घाम पुसला अन् तोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, “मॅडम, सकाळ नाही. डॉक्टरला रात्रीच उठवणार.”

 

मग मॅडम चक्क मराठीत बोलल्या, “जॉइन कधी होताय?”