खवीस मेला कसा

हे आजवर फक्त आमच्या ढवळ्याला ठाऊक होतं, आणि तो बैल असल्यामुळे कुणाला बोलला नाही. बायकोला सांगितलं नाही. देवापुढं हात जोडतानाही मी हा विषय टाळतो — त्याला माहीत असणारच म्हणा. तुम्हाला मात्र सांगतो. हसायचं तर हसा, मलाही हसू येतं. निम्म्यापर्यंत येतं.

तुम्हाला खविसाचे बोलपट आठवतात? तीन आले होते. चाकणला बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा लागायचा आणि आसपासच्या गावांतून माणसं गाड्या जुंपून यायची. पण सगळ्यांना कुठलं जमायला? म्हणून आमच्याकडे रीत होती — एकानं बघायचं आणि दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर साऱ्या गावाला सांगायचं. तो मान माझा. पहिले दोन खवीस मी असे सांगितले की म्हाताऱ्याकोताऱ्या परसाकडे जाताना सोबत मागू लागल्या! "सांगावं तर शंकरनं," लोक म्हणायचे, आणि मी मिशीवरून हात फिरवायचो.

आणि नामा? माझा जिवलग, पण भित्रा. कौलांवर मांजर चाललं तरी घोंगडीत शिरायचा. म्हणून कांद्याच्या राखणीला त्याला कुणी घेत नसे. शेतात पडलेल्या कांद्याची राखण, त्यात काय एवढं — असं तुम्हाला वाटेल. पण आमच्यात राखणीला जाईल तो गडी, बाकीच्यांनी घरी बसावं. नामाला हे फार लागायचं. मग तिसरा खवीस आला, हाच शेवटचा असं जाहिरातीच्या गाडीनं गावोगाव ओरडून सांगितलं, आणि पारावर पैज ठरली — नामानं अख्खा खेळ डोळे उघडे ठेवून बघायचा, की यंदा राखणीला त्याचा नंबर. साक्षीदार कोण? तर मी!

तंबूत मशीन एकच. रीळ संपलं की दिवे लागायचे, बिड्या पेटायच्या, मग पुन्हा अंधार. नामा शेजारी मांडी ठोकून बसलेला, घामानं चिंब, पण डोळे — सताड उघडे. आणि मी? इथं जरा अडखळतो, सांभाळून घ्या. शेवटच्या रिळाआधी विहिरीतून तो खवीस वर आला ना... पुढचं बघायची माझी छातीच झाली नाही. दिवे लागले तसा म्हटलं, "नाम्या, बैलांना वैरण टाकून येतो." वैरण त्यांच्या पुढ्यातच होती. ढवळ्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याच्या गळ्यात हात टाकून मी बाहेर उभा राहिलो, ते पार आत टाळ्या पडेपर्यंत.

आतून एक किंकाळी आली. मग काहीतरी जळल्याचा तडतडाट. मग सगळं गप्प. एवढ्या भांडवलावर मी शेवट रचला.

दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलं — खवीस जळून राख झाला, आणि राखेतून एक हात हळूच वर आला. बायकांनी पदर तोंडाला लावले. तेव्हा नामा उठला.

"आसं न्हाई राव. घर जळतं, पर खवीस जळत न्हाई. त्यो इहिरीच्या काठाव बसून रडतो. आता मला जाऊ द्या म्हनतो, आन् आपला आपन खाली उतरतो."

सगळे माझ्याकडे वळले. साक्षीदार मीच ना? 'मी बाहेर होतो' — एवढंच म्हणायचं होतं. जीभ काही झडली नसती. आणि मी काय म्हणालो?

"नाम्या, उपरनं डोळ्यांव घेतल्याव काय दिसनार, लेका?"

पार हसून हसून लोळला. खवीस आणि रडतोय! नामा तसाच उभा. माझ्याकडे बघत होता, रागानं नाही — खरंच घेतलं होतं का उपरणं, हे आठवत असल्यासारखा. राखण गेली. नाव मात्र पडलं, 'उपरण्या'. ते अजून आहे.

आणि गंमत बघा, माझा तो शेवट इतका गाजला की अजून त्यावर वाद होतात. हात डावा की उजवा? निरोप देत होता की परत येतो म्हणत होता? पिंपरीच्या नव्या कारखान्यावर जाणारी आमची पोरं सायकली हातात धरून यावरच भांडतात. मी म्हणतो, उजवा. ठासून म्हणतो.

एकदा मोट हाकताना नामानं विचारलं होतं, "शंकर, खरं सांग. मी डोळं झाकलं हुतं का रं? मला तर समदं दिसल्यागत वाटतंय." आयती चालून आलेली संधी! ऐकायला फक्त ढवळ्या. आणि मी — "झाकलं हुतंस की," म्हणालो. बैलाला उगाचच चाबूक मारला.

परवा पारावर नव्या पोरांनी विचारलं, खवीस मेला कसा? माझा घसा बसला होता, म्हणून नामानं सांगितलं. ती राख, तो हळूच वर येणारा हात — अगदी माझ्यासारखं, रंगवून. पोरं एकमेकांना चिकटली. नामा खूश झाला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बराबर सांगितलं नव्हं?"

"बराबर," मी म्हटलं.