कापशीचा उपास

नरडाण्याच्या त्या गल्लीत पुष्पाबाईंना रिकाम्या हातानं बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. टीव्हीसमोरसुद्धा मांडीवर फुलं आणि हातात सुईदोरा. श्रावणातल्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून घरोघर कानबाई बसते, तेव्हा निम्म्या गल्लीचे हार त्यांच्याच हातचे.

यंदा मात्र कानबाई विसर्जन होऊन दुसरा दिवस उजाडला आणि बाईंची सुई बाजूला पडली. कापशी जेवेना.

कापशी म्हणजे घरातली पांढरी मांजर. बाईंचे यजमान गेले त्या वर्षी आली आणि राहिली. ती वाटीपाशी यायची, दूध हुंगायची, तोंड पुढे करायची आणि पंजानं गाल घासत मागे सरायची. मग खाटेखाली. बाई दर पाच मिनिटांनी वाकून बघत. वाटी इकडे ठेव, तिकडे ठेव, दूध कोमट कर, भाकरी कुस्करून बघ. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, मांजरं अशीच, गवत खातील नि बरी होतील. पुष्पाबाईंनी मान हलवली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं.

कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पिठाच्या पोळ्या, भाऊबंदांनीच खायचे. माणशी मुठी मोजून गहू दळायचे, ते पीठ संपेपर्यंत तेच खायचं आणि परक्याला घासही द्यायचा नाही. लग्न झालेली लेकसुद्धा परकीच. रविवारी दोंडाईच्याहून ज्योत्स्ना आली होती, तिच्यासाठी बाईंनी वेगळा भात टाकला. पोरगी मुकाट्यानं जेवली. आणि त्याच संध्याकाळी पायाशी घुटमळणाऱ्या कापशीला बाईंनी रोटाच्या पुरणपोळीचा कोपरा मोडून दिला होता. पोटच्या पोरीला नाही दिला तो घास!

आता देवी जाब मागतेय, असं त्यांना वाटत होतं. बुधवारी त्यांनी स्वतःही काही खाल्लं नाही. देव्हाऱ्यापाशी जाऊन नाक घासलं, कापशीच्या कपाळाला अंगारा लावला. दिपमालानं, सुनेनं, दोनदा सुचवलं की धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवू या, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिचं लिव्हर बिघडतं. बाई म्हणाल्या, उद्यापर्यंत थांब.

गुरुवारी सकाळी कापशी हाकेला उठली नाही, नुसते कान हलवले. तेव्हा मात्र बाईंनी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि चमच्यानं दूध घालायला तोंड उघडलं. जिभेखाली काहीतरी पांढरं दिसलं. दोरा. जिभेच्या मुळाला वेढा घालून घशात उतरलेला.

दोरा दिसला की ओढायचा, ही त्या बोटांची जन्माची सवय. चिमूट पुढे गेलीसुद्धा. दिपमाला डॉक्टरांशी फोनवर बोलत होती, ती तिथूनच म्हणाली, "आई, ओढू नका. दुसरं टोक पोटात असेल. ओढलं तर आतडं कापलं जाईल."

बाईंनी डाव्या हातानं उजवा हात धरला. एवढ्याशा दोऱ्याला हात न लावणं त्यांना आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

मुलानं, कुंदननं, मोटारसायकल काढली. मागे बाई, भाजीची टोपली मांडीवर, तिच्यात कापशी, वर ओढणी बांधलेली. धुळ्याला डॉक्टरांनी तिला गुंगी दिली, जिभेखालचा वेढा कापून सोडवला, पोटाचा फोटो काढला. म्हणाले, राहिलेला दोरा आपोआप बाहेर पडेलसं वाटतं. उलटी झाली किंवा पोट फुगलं तर तडक घेऊन या, ऑपरेशन करावं लागेल. तोवर मऊ, कोमट, थोडं थोडं द्या. मग त्यांनी विचारलं, दोरा कुठला?

बाईंना तेव्हा आठवलं. हाराच्या दोऱ्याचं टोक नैवेद्याच्या खिरीत बुडालं होतं. त्यांनीच ते कापून उंबऱ्यापाशी टाकलं होतं.

परतल्यावर त्यांनी दिपमालाला सगळं सांगितलं, घासाचंही. तिनं ऐकून घेतलं नि एवढंच म्हटलं, "हाऊ देवीना कोप नही, आई. हाऊ दोरा शे."

पुढचे दोन दिवस बाई, कापशी ज्यात शी करायची त्या राखेच्या घमेल्याभोवती घिरट्या घालत होत्या. काडीनं राख उकरायच्या, पोटाला हात लावून बघायच्या, पुन्हा उकरायच्या. कापशी बोटाला लावलेली पेज चाटायची, दोन थेंब, चार थेंब. शनिवारी सकाळी काडीला वीतभर दोरा लागला. बाईंनी तो उजेडात धरून दोन्ही टोकं पाहिली. त्यांचाच. दुपारी कापशीनं वाटीतलं सगळं संपवलं आणि वाटी फरशीवर ढकलत नेली.

त्याच वेळी ज्योत्स्नाचा फोन आला, मांजर कशी आहे विचारायला. बाईंनी तिलाही घासाचं सांगून टाकलं.

"वा माय," ज्योत्स्ना म्हणाली, "मांजरले रोट दिधा, माले नही?"

ती हसत होती, पण ते नुसतं हसणं नव्हतं, हे आईला कळलं. बाईंनी फोन खांद्याशी धरला, खाटेखाली वाकून हार ओवताना पडलेले दोऱ्याचे तुकडे एकेक वेचले आणि पदराच्या टोकाला बांधले. मग म्हणाल्या, पीठ अजून मूठभर उरलंय. संध्याकाळच्या गाडीनं येतेस का?