नाल्याकाठचा पालक

केबिन रोडवर संध्याकाळी भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या त्या आगरी म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचा पालकाचा वाफा नाल्याकाठी होता आणि वरच्या अंगाला भांडी चकचकीत करणारे कारखाने. त्यांचं धातूंचं पाणी मुरलं की पालक पिवळा पडायचा. म्हातारा मातीत शेणखत, चुना, तुसाची राख मिसळत राहायचा. जुडी देताना पान अंगठ्याने चोळून बघायची त्याला सवयच होती.

परवा पाटीत नुसता झेंडू दिसला.

"यंदा पालक जगला नाही वाटतं?"

"जगला ना. हिरवागार हाय."

"मग आणला का नाही?"

"झाड ते पानी पचवाया शिकलं, बाय. खानारा कवा शिकला?" तो दमून हसला. "झेंडू घे. देव काय पाला खात न्हाय."

मी झेंडू घेतला. पण घरी भाजी हवीच होती, म्हणून शेजारच्या गाडीवर गेले.

"पालक कुठला?"

"वहीं नाले के पास का, दीदी. एकदम ताजा."

मी हातात घेतलेली जुडी परत गाडीवर ठेवली. मागच्या बाईने ती लगेच उचलली. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि झेंडूची एक पाकळी अंगठ्याने चोळत बसला. पाटी भरलेलीच होती.