टोकण यंत्र आणि चौथं नाव

मेलेल्या पोराचं नाव प्रोजेक्टवर ठेवता येतं का? पॉलिटेक्निकच्या ऑफिसात विचारलं, तर क्लार्क फाइल शोधायला उठला तो परत आलाच नाही. प्रोजेक्ट बघणाऱ्या इंगळे सरांना विचारलं, तर ते चष्मा पुसत बसले. उत्तराऐवजी जो भेटतो तो माझ्या प्रशांतदादाचा एक किस्सा सांगतो. इतके साचलेत की कोणी चहाला आलं की आईच विचारते, "तुमचा कोणता?"

*

दादा, शुभम आणि आणखी दोघं. बायांना वाकावं न लागता तूर टोकायचं यंत्र हे चौघांचं प्रोजेक्ट. उभ्यानं ढकलायचं, खालच्या लोखंडी चोचीतून दाणा आपोआप जमिनीत पडतो. पहिली टेस्टिंग कॉलेजच्या व्हॉलीबॉल ग्राउंडवर केली आणि दाणे वेचायचे विसरले. पाऊस झाला, नेटखाली तूर उगवली. खेळाचे सर भडकले, "मॅच काय तुरीत खेळू?"

इंगळे सर खाली बसून रोपं मोजत होते. म्हणाले, "उगवण चांगली आहे. मॅच जरा पुढं ढकला."

*

मग दांड्याची उंची ठरवायची होती. दादा आणि शुभम टेप घेऊन सुलतानपूरच्या एका वावरात गेले. बायांच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं. तिसऱ्याच बाईनं विचारलं, "ब्लाउज कधी देता बे शिवून?"

शुभम पळाला. दादा तिथंच उभा. "ब्लाउज नाही काकू, दांडा."

मग सगळ्याच बायांनी मापं दिली.

*

तयार यंत्र आईनं आमच्या वावरात चालवून पाहिलं. दादा मागं मागं. दर पाच मिनिटांनी तेच, "माय, कंबर दुखून राह्यली का?"

शेवटी आई थांबली. "कंबर नाही दुखून राह्यली. तुह्यानं डोकं दुखून राह्यलं."

दादानं वहीत लिहिलं. कंबर : नाही. डोकं : हो.

*

दादा तापानं गेला. चार दिवसांत. मी देऊळगाव राजाला ट्रॅक्टरवर कामाला होतो, मला फोनवर 'थोडा ताप आहे' एवढंच सांगितलं होतं. मी आलो तेव्हा सगळं संपलं होतं. दवाखान्याच्या दरवाजाला लाथ मारली. पाय सुजला, बाकी काही झालं नाही.

*

परीक्षेच्या दिवशी यंत्र आमच्याच घरी होतं; दादा गेल्यापासून वावरात मीच ते चालवत होतो. ते मी ऑटोत टाकून कॉलेजात नेलं. बाहेरगावचे परीक्षक यादी वाचत होते. इंगळे सरांनी चौथं नाव खोडलं नव्हतं.

"प्रशांत वानखडे?"

तिघंही खाली पाहू लागले. मी सातवीत शाळा सोडलेला. तरी तोंडातून निघून गेलं, "हजर."

इंगळे सर चष्मा पुसू लागले.

परीक्षकांनी मलाच विचारलं, "यात काय कमी आहे?"

"ओल्या काळ्या मातीत याची चोच भरते सर. दाणा पडत नाही. आतून रबर लावा लागते."

"मग लावलं का नाही?"

"राहून गेलं सर."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग इंगळे सरांकडे पाहिलं. मग यादीवर टिक केली आणि म्हणाले, "चल प्रशांत, चालवून दाखव."

मी चपला काढल्या आणि यंत्र ढकललं.