पूजा झालेला टीव्ही

"अहो, दसऱ्याच्या आधी काय ते उरका," असं बायको महिनाभर कानीकपाळी ओरडत होती. आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं चित्र आकसत आकसत मधल्या पट्टीएवढं उरलं होतं. बातम्या देणाऱ्या बाईला आम्ही नुसत्या नाकाओठांवरून ओळखायचो. बायकोला कलर टीव्ही हवा होता. वडिलांना हाच दुरुस्त करून हवा होता, कारण अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीत आलेला तो पहिला टीव्ही, आणि आणला त्यांनी. मला दोघांशीही बोलणं चालू ठेवायचं होतं. म्हणून मी माझा नेहमीचा उपाय केला. पुढे ढकललं.

व्हायचं तेच झालं. दसऱ्याला वडिलांनी शिलाई मशीन आणि पाने-पकडीच्या ओळीत टीव्हीचीही पूजा केली. हळदकुंकू, वर झेंडूचा हार. आता हा एक्स्चेंजमध्ये देऊ या, असं म्हणायची कोणाची छाती!

त्या रविवारी टीव्ही मांडीवर घेऊन मी उल्हासनगरच्या रिक्षात बसलो. "चल, मीही येतो," म्हणून वडील शेजारी. निघताना बायको कानाशी पुटपुटली होती, "परत आणलात तर बघा."

दुकानात पुढे नवे टीव्ही विकायला, मागे दुरुस्ती. सिंधी दुकानदार मला म्हणाला, "साईं, रिपेअर में क्यों पैसा डालते हो? इसको इधरीच छोडो, कलर ले जाओ."

कोपऱ्यात एक्स्चेंजमध्ये आलेले जुने टीव्ही भिंतीकडे तोंडं करून एकावर एक रचलेले होते.

"इनका क्या करते हो?" वडिलांनी विचारलं.

"खोल के पार्ट निकालेंगे, बाबूजी. बाकी भंगार."

वडील आमच्या टीव्हीवरच्या कुंकवाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू ठरव बाबा. घर आता तुझं आहे."

ते ओरडले असते तर परवडलं असतं. समोर वडील, बाजूला दुकानदार, आणि तिकडे घरात बसलेली बायकोसुद्धा माझ्याच तोंडाकडे बघतेय असं वाटायला लागलं.

"रिपेअरच करा," मी म्हणालो.

तासाभरात चित्र पडदाभर पसरलं. टीव्ही पुन्हा मांडीवर, पायांना मुंग्या. रिक्षा अंबरनाथच्या जवळ आल्यावर वडील म्हणाले, "मला वाटलं, तू नवा घेशील."

"बाबा, पण पूजा केलेला..."

"त्यात काय? नमस्कार करून द्यायचा. पुढच्या दसऱ्याला नव्याची करायची. मी मनाची तयारी केली होती रे. दुकानातला तो कडेचा मोठा कलर बरा वाटला मला. रंग काय छान होते!"

मी त्यांच्याकडे वळून बघायला गेलो, तर टीव्हीची कड बरगडीत रुतली.

रिक्षा आमच्या गल्लीत वळली. बायको गॅलरीत उभी होती.

"सूनबाईला तूच सांग हं," वडील हळूच म्हणाले, "मी मध्ये एक शब्द बोललो नव्हतो."