पत्त्याचा मागचा अर्धा भाग

मंगलवहिनींचा फोन आला तेव्हा मी बावधनच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. नेहमीसारखं "कशी हायेस गं" झालं नाही. "वर्षा, ह्ये गेलं..." एवढंच त्या म्हणाल्या आणि मग नुसता मागचा बायकांचा आवाज येत राहिला. वहिनींचे यजमान रघुनाथ खैरे, माझे पहिले वरिष्ठ, आमचे सर, सकाळी रानातून घरी आले, ओट्यावर बसले, प्यायला पाणी मागितलं आणि वहिनी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत गेलेले होते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. पहिले काही दिवस त्यांच्याविषयी बोलताना मला नुसतं रडू यायचं. आता बोलता येतंय, म्हणून लिहिते आहे.

सर पुण्याजवळच्या कासार आंबोलीच्या शेतकरी घरातले. डिप्लोमा करून ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले, तिथे बरीच वर्षं काढली, आणि पुढे आमच्या छोट्या कंपनीत आले. आम्ही परदेशी यंत्रांसाठी नेटवर्कचं सॉफ्टवेअर लिहायचो. इंग्रजी मेल ते फार नेटकं लिहीत, पण बोलण्यातलं मावळीपण त्यांनी कधी झाकलं नाही. एखादी गोष्ट मनापासून सांगायची असली की 'नाही'चं 'न्हाई' व्हायचं, आणि मग आम्ही समजून जायचो की आता हा माणूस हलणार नाही.

मी त्यांच्या हाताखाली आले ते २००१च्या उन्हाळ्यात, परभणीहून. पहिल्याच दिवशी त्यांनी सहज विचारलं, "तिकडं कोण असतं?" मी म्हणाले, "आता कोणी नाही." खरं तर आईवडील तिथेच होते, आणि नवराही. त्याच्या मारहाणीला कंटाळून मी घर सोडून आले होते. तो मला शोधत होता, मैत्रिणींच्या दारात जाऊन आरडाओरडा करत होता. मी पुण्याकडे आहे हे फक्त आईला माहीत होतं. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "भुकूमला माझी मावसबहीण हाय, खोली देईल. पाणी एक दिवसाआड येतं, तेवढं पिंप घेऊन ठेव." पुन्हा त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही.

आमच्याकडे तेव्हा जे काम होतं ते थोडं सांगायला हवं, कारण सर मला कळले ते त्याच कामातून. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते पुरणार नाहीत हे दिसत होतं, म्हणून जगभरातले अभियंते नव्या, पुष्कळ लांब पत्त्यांचे नियम ठरवत होते. एका परदेशी कंपनीच्या, हातात घेऊन फिरायच्या छोट्या यंत्रात ते नियम बसवून द्यायचे, हे आमचं काम. सरांनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली आणि मधोमध छेद दिला. "पुढचा अर्धा म्हणजे गाव. यंत्र ज्या जाळ्यात जाईल तिथनं तो मिळतो. मागचा अर्धा म्हणजे त्या गावातली तू. तो यंत्रानं आपला आपण तयार करायचा." कसा तयार करायचा, याची एक सोपी रीत होती. प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक क्रमांक बसवलेला असतो, दुसऱ्या कुठल्या कार्डावर सहसा नसणारा. तोच मागच्या भागात घालायचा. दोन यंत्रांचा पत्ता एक होण्याची भीती जवळजवळ संपली, कुणाला काही भरायला नको. सगळ्यांना ते फार आवडलं.

मला मात्र नाही. सगळ्यांसमोर मी क्वचितच बोलायचे, पण त्या दिवशी विचारलं, "म्हणजे माणूस यंत्र घेऊन दुसऱ्या गावाला गेला तरी मागचा भाग तोच राहणार? मग तो कुठे गेला ते कुणालाही कळेल?" आमचे व्यवस्थापक हसले. "अहो, सरळ माणसाला लपायचं कारण काय?" सगळे हसले. सर हसले नाहीत. फळ्याकडे बघत राहिले, आणि सगळे उठल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "तुझा प्रश्न बरोबर हाय. ह्याच्यावर काम करू."

हा प्रश्न बाहेर कुणाला पडलाच नव्हता असं नाही. मागचा भाग यंत्रानं कसाही, मनाला येईल तसा तयार करावा आणि रोज बदलावा, अशी वाट नियमांत होती. पण ती ऐच्छिक होती, आणि आमचं गिऱ्हाईक ती बंद ठेवा म्हणत होतं. सरांचं म्हणणं, यंत्र खोक्यातून काढल्या क्षणापासून ती चालू हवी. "लोक आत जाऊन काही बदलत न्हाईत. आपण जे देऊ तेच राहतं." मग शंका निघाल्या. पत्ता बदलला की दोन यंत्रांमधलं चालू असलेलं बोलणं तुटणार नाही का? बिघडलेलं यंत्र दुरुस्तीवाल्यानं ओळखायचं कसं? मनाला येईल तो आकडा घेताना दोन यंत्रांनी एकच घेतला तर? सरांनी एकही शंका उडवून लावली नाही. चालू बोलणं संपेपर्यंत जुना पत्ता जपायचा आणि नवं बोलणं नव्या पत्त्यावरून सुरू करायचं, पत्ता घेण्याआधी जाळ्यातल्या शेजारच्या यंत्रांना 'हा कुणी घेतलाय का' असं विचारायचं, उत्तर हरवलं तर काय करायचं... हे सगळं त्यांनी लिहिलं आणि मोडून बघायचं काम मला दिलं. मी मोडायचे, ते पुन्हा बांधायचे. मी नवं काही मोडून नेलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "लई भारी! हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला चूक काढल्याबद्दल शाबासकी देत होतं.

अशाच एका दुपारी बावधनच्या टपरीवर चहा पिताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नवरा, मार, पळून येणं... त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाले, "सांगितलंस, बरं केलंस. पण प्रश्न बरोबर हाय तो हाय. तो कुणाला का पडला, हे कुणाला सांगायची गरज न्हाई." थोड्या वेळानं एक्स्चेंजमधली आठवण सांगितली. "वायर हातात असली की लोकांचं बोलणं ऐकू येतं. ऐकायचं नसतं. तितं मी एवढंच शिकलो बघ."

'कुणाला सांगायची गरज न्हाई' या त्यांच्या वाक्याची किंमत मला पुढच्या महिन्यात कळली. गिऱ्हाइकाच्या लोकांशी फोनवर बैठक होती, आम्ही सगळे स्पीकरभोवती. सरांनी तासभर समजावलं. तिकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता, "याची गरज असलेला एक तरी खरा माणूस दाखवा." मी टेबलाच्या कडेला बसले होते. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "असे लोक असतात," ते इंग्रजीत म्हणाले, "आणि ते तुमच्या बैठकीत येऊन हात वर करणार नाहीत." बैठक तिथेच मोडली. सोय लिहा, पण बंद ठेवून द्या, असा निर्णय आला. सरांनी त्यावर मंजुरीची सही करायला नकार दिला आणि आठवड्याभरात ते काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं. जुन्या यंत्रांच्या किरकोळ दुरुस्त्या त्यांच्याकडे आल्या. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "सर, माझं नाव सांगितलं असतं तर..." "तर काय?" ते एकदम कडक झाले. "मग तू तितं इंजिनियर म्हणून बसली असतीस का?"

घटस्फोटाची केस उभी राहिली ती त्यांच्याच धीरावर. कोर्टाच्या तारखांना परभणीला वहिनी माझ्याबरोबर यायच्या. "मी आलो तर लोक भलतंच बोलतील," सर म्हणायचे, "ही येईल." वहिनी बरोबर भाकरी आणि ठेचा बांधून घ्यायच्या, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात नवरा समोर आला की माझ्या आणि त्याच्या मधोमध बसायच्या. मी मोकळी झाले त्या दिवशी घरी फोन करून त्यांनी सरांना सांगितलं, "झालं बरं का, आमी निघतोय."

दोनेक वर्षांनी त्या परदेशी कंपनीचं पत्र आलं. त्यांचेच ग्राहक विचारायला लागले होते, आमचा माग राहतो का म्हणून. सोय तातडीनं चालू करून हवी होती. लिहायचं काहीच नव्हतं. सरांनी लिहिलेलं सगळं आत जसंच्या तसं होतं. चालू करण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या संध्याकाळी मी कासार आंबोलीला गेले, सर गोठ्यात धार काढत होते. मी बातमी सांगितली. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील, निदान त्या बैठकीबद्दल. ते म्हणाले, "बरं झालं. चालू बोलणं तुटत न्हाई ना?" मी म्हणाले, "नाही तुटत." "मग ठीक हाय," म्हणाले आणि मला धारोष्ण दुधाचा पेला दिला.

परवा वहिनींना भेटायला गेले होते. त्या मला माडीवरच्या खोलीत घेऊन गेल्या. मी ती कधी पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर सर तिथे बसायचे म्हणे. भाताच्या कणगीशेजारी फळी टाकून त्यांनी दोन जुने कॉम्प्युटर मांडले होते, मध्ये एक वायर. दोन्ही चालू होते. "लाइट जाती, येती, त्ये आपलं पुन्हा सुरू हुतं," वहिनी म्हणाल्या. "बंद कसं करायचं मला म्हाईत न्हाई. आन् करू बी वाटंना." मी खाली बसून एका पडद्यावर पाहिलं. वहिनी पदरानं फळीवरची धूळ पुसत होत्या.

"काय दिसतंय गं?"

"वहिनी, यानं आज सकाळी नवा पत्ता घेतलाय. आपला आपण."

"आन् त्याला कुणी सांगितलं?"

"सरांनी," मी म्हणाले.

वहिनींनी पदर त्या यंत्राच्या पडद्यावरूनही फिरवला. मग त्यांनी कणगीला टेकून माझ्याशेजारी बसकण मारली, आणि आम्ही दोघी बराच वेळ तिथेच बसलो.