अक्कांची गाडी आणि हरळी

उन्हाला, मुख्याध्यापकांना आणि जावयाला न घाबरणारी बाई अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि मी तिच्या माडीवर भाड्याने राहत होते. अक्का घाबरायच्या त्या फक्त गंजाला. घरात चोर शिरला असता तर त्यांनी त्याला आधी कडी नीट लावायला सांगितली असती, पण विळीच्या पात्यावर तांबूस ठिपका दिसला की त्यांचा चेहरा घरात कुणी आजारी असल्यासारखा व्हायचा. मग कानस निघायची, तेलाची बुधली निघायची, जुन्या पातळाची चिंधी निघायची आणि सगळं निघालंच आहे तर शेवटी गाडीही निघायची.

गाडी म्हणजे गवत कापायचं मशीन. हाताने ढकलायचं, आपण मागून चालत जायचं. इंजिन नाही, वायर नाही, सेल नाहीत. दोन बिडाची चाकं, मधे पिळदार पाती आणि हाताच्या घामाने काळी, गुळगुळीत झालेली लाकडी मूठ. अक्का देवपुरातल्या एका शाळेत पी.टी.च्या बाई म्हणून लागल्या तेव्हाच ही गाडी जुनी होती, आणि त्या निवृत्त झाल्या तेव्हाही ती तेवढीच जुनी होती. मधल्या काळात फक्त अक्कांचं वय वाढलं. शाळेने मैदानाच्या कडेला फरशी घालायचं ठरवलं आणि गाडी भंगारात निघाली. निरोप समारंभात अक्कांनी माईक हातात घेऊन सांगितलं, "शाल-श्रीफळ राहू द्या, मला ती गाडी द्या." रिक्षावाले ती घेईनात. तेव्हा रेशमी पातळाचा पदर खोचून अक्का ती पांझरेच्या पुलावरून ढकलत घरी घेऊन आल्या. पाती उचलून धरायचं भान राहिलं नाही, त्यामुळे ती सबंध पूलभर खणखणत फिरत होती आणि मागे स्कूटरींची रांग लागली होती. कुणीतरी विचारलं, "बाई, कॉर्पोरेशनकडून का?" अक्का म्हणाल्या, "नाही, माहेराहून."

ही सगळी हकिगत मला त्यांनीच सांगितली, पहिल्याच दिवशी, भाडं ठरवायच्या आधी. मी जळगावची. धुळ्याला बँकेत नोकरी लागली म्हणून खोली शोधत होते, आणि तोपर्यंत पाहिलेल्या प्रत्येक घरात मला वडील काय करतात, पगार किती, लग्नाचं काय, आणि इंग्लिश मीडियमची असून अशी गप्प का, हे विचारून झालं होतं. अक्कांनी एकच प्रश्न विचारला. "वापरलेली वस्तू पुसून ठेवतेस का?" मी मान हलवली. "मग झालं," त्या म्हणाल्या आणि किल्ली दिली. जिना चढताना मला इतकं हलकं वाटलं की मधल्या पायरीवर मी उगाच थोडा वेळ थांबले.

नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. भाडेपावतीवर ते होतं, पण हाक मारताना मी 'जळगाव' होते. "ए जळगाव, चहा घेतेस?" "जळगाव, नळ आला गं!" गळ्यात शिट्टी असायची, निवृत्तीनंतरही. दूधवाल्याला एक शिट्टी, मला दोन, आणि गेटसमोर गाडी लावणाऱ्याला अशी लांबलचक की त्या बिचाऱ्याला आपण आऊट झालो असं वाटावं. मी बोलत नाही याचं त्यांना काही वाटायचं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "जळगावचे लोक वांग्याच्या भरताशिवाय दुसरं काही बोलत नाहीत असं ऐकलं होतं. तू तर भरताबद्दलही बोलत नाहीस." माझी आई एका स्थळाचा फोटो घेऊन आली, तेव्हा अक्कांनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा मुलगा पाना जागच्या जागी ठेवणाऱ्यातला वाटतो का हो तुम्हाला?" आईने फोटो पर्समध्ये ठेवला. ते स्थळ तिथेच बारगळलं, आणि मी मनातल्या मनात अक्कांना नमस्कार केला.

गाडी त्या कुणाला देत नसत. गल्लीत ज्याच्या दारी गवत वाढेल त्याच्याकडे त्या स्वतः गाडी घेऊन जात. "ती एकटी कुठे जात नाही," म्हणत. आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी विजेवर चालणारं गवत कापायचं नवं यंत्र आणलं होतं, लाल-काळं, झोकदार. दुसऱ्या उन्हाळ्यात ते जळलं. अक्का संध्याकाळी रीतसर त्यांच्याकडे भेटायला गेल्या. "किती वर्षांचं होतं हो?" "दोन," डॉक्टर म्हणाले. "अगदीच कोवळं," अक्का म्हणाल्या, आणि पाणी न घेता परत आल्या.

रविवारी सकाळी उन्हं तापायच्या आत अक्का पांढरे कॅनव्हासचे बूट घालून अंगणात उतरत. अंगण चार खाटा मावतील एवढं. धुळ्याच्या उन्हात एवढं हिरवं राखणं म्हणजे चुलीवर बर्फ राखण्यासारखं, पण ते हिरवं होतं, कारण ती हरळी होती. मला हा शब्दही माहीत नव्हता. मी त्याला लॉन म्हणायचे. अक्कांनीच सांगितलं की शेतकऱ्याच्या घरी या गवताचं नाव शिवीसारखं घेतात. शिंदखेड्याकडच्या त्यांच्या गावी कपाशीत ही हरळी माजायची आणि शाळेतून आल्यावर अक्का ती उपटत बसायच्या. वरचं उपटावं तर खाली मूळ शाबूत. "माझी बोटं सोलून निघाली, पण ती काही हरली नाही," अक्का म्हणाल्या. "म्हटलं, जिला हरवता येत नाही तिला घरी आणून ठेवावी." गाडी गवतावरून गेली की बारीक 'चर्र' असा आवाज यायचा, कात्रीने नवं कापड कापल्यासारखा. माझ्या आठवड्याचं ओझं त्या आवाजाने उतरायचं. खिडकीशी चहा घेऊन बसायचं, कुणी काही विचारणार नाही, खाली अक्का चालताहेत आणि गाडी बोलते आहे.

होळी होऊन गेली होती. अक्का एका लग्नाला जळगावला गेल्या होत्या. मी बँकेतून आले तर गेटच्या आत त्यांचे धाकटे भाऊ भटूमामा नळाखाली पाठीवरचा फवारणीचा पंप धूत बसले होते. पंप धुळ्यात दुरुस्तीला टाकला होता, तो घेऊन गावी परतताना बहिणीकडे डोकावले होते. चेहरा असा प्रसन्न की आत्ताच कुणाच्या तरी मुलीचं लग्न लावून दिलंय. "पोरी," ते म्हणाले, "तुनी मालकीणले सांग, बठ्ठी हरळी मारी टाकी. आते दहा-पंधरा दिनमा आंगन कसं साफ व्हई जाई!" मला त्यातलं 'सगळी हरळी मारून टाकली' एवढं कळलं आणि ते डोक्यात नीट शिरायच्या आत गेट वाजलं. अक्का आल्या होत्या.

त्यांनी आधी वास घेतला. मग ओल्या गवताकडे पाहिलं, मग पंपाकडे.

"भटू, हाई काय करं तू?"

"तणनाशक मारं, अक्का. कितली हरळी व्हयेल व्हती! मना पंपबी तपासाई गया."

"ती हरळी मी लायेल व्हती."

भटूमामा हसले. ही थट्टाच असणार अशी त्यांची खात्री होती. "हरळी कोनी लावस का वं, अक्का?"

अक्का आत गेल्या आणि शिट्टी काढून खुंटीला अडकवली. मी त्यांना शिट्टीशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे पाहिलं. त्या माणसाने आयुष्यात बहिणीवर केलेला सगळ्यात मोठा उपकार तोच होता, आणि तोच त्याच्या अंगाशी आला होता.

आठवड्याभरात अंगण पिवळं पडलं, मग वाळून काथ्यासारखं झालं. नाशिकहून अक्कांच्या मुलीचा फोन आला. ती फोनवर मोठ्याने बोलते, त्यामुळे जिन्यात मलाही ऐकू आलं. "आई, आता मेलंच आहे तर पेव्हर ब्लॉक टाकून घे. किती वर्षं वाकून चालणार आहेस? आखाजीला मी येते, दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलाव. आणि ते मशीन आपण छान रंगवू, पोर्चमध्ये ठेवू. वर मनी प्लांटची कुंडी." मला वाटलं, आता अक्का कडाडतील. त्या म्हणाल्या, "बरं." अक्कांच्या तोंडून 'बरं' हा शब्द मी तोपर्यंत ऐकला नव्हता, आणि पुन्हा ऐकायची इच्छाही नव्हती. गाडीचं वय कितीही होऊ दे, ती चालत होती. तिच्या डोक्यावर कुंडी बसणार म्हणजे अक्काही आता बसणार, हे त्या 'बरं'मध्ये मला स्पष्ट ऐकू आलं.

तरी रविवारी त्या गाडी काढायच्याच. "तिची सवय मोडायला नको," एवढंच म्हणायच्या. वाळलेल्या गवतावरून गाडी खडखडत जायची. चर्र नाही, नुसती खडखड. मी खिडकी लावून घ्यायला लागले.

मधेच एकदा भटूमामा आले. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी घेऊन गेटपाशीच उभे, आत येईनात. अक्कांनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत. चहा संपल्यावर मामा कपाकडे बघत म्हणाले, "अक्का, बापनी जिंदगी गई, पन हरळी मरनी नही. ती मना एक पंपमा मरी का?" अक्कांनी कप त्यांच्या हातातून जरा हळू घेतला.

त्या दिवसापासून मी भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायला लागले. नळ आठवड्याने येणारा, तेव्हा वाया घालवायला पाणी कुणाकडेच नव्हतं. पहाटे अक्का उठायच्या आत खाली जाऊन मी ते त्या काथ्यावर ओतायचे आणि चोरासारखी वर यायचे. काही दिवसांनी लक्षात आलं की मी जाते तेव्हा जमीन आधीच ओली असते. अक्का माझ्याही आधी उठत होत्या. एकदा जिन्याखाली दोन रिकाम्या बादल्या शेजारी शेजारी सापडल्या, तेव्हा अक्का म्हणाल्या, "पुसून ठेव." मी दोन्ही पुसल्या.

अक्षय्य तृतीया, म्हणजे इकडची आखाजी, आली. मुलगी आली, पुरणपोळी, आंब्याचा रस, गल्लीत झोके, गौराईची गाणी. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्त्री सकाळीच दोरी आणि टेप घेऊन गेटशी हजर झाला. "पाच मिनिटं थांबा," अक्का म्हणाल्या. त्यांनी कॅनव्हासचे बूट घातले. गाडी काढली. मी खिडकी लावायला हात पुढे केला.

खडखड. खडखड. भिंतीपर्यंत जाऊन वळण. खडखड. आणि मग, भिंतीच्या सावलीत, एवढासा, जेमतेम ऐकू येईल असा – चर्र.

अक्का जागीच थांबल्या. मी खिडकीत थांबले. मिस्त्री कशासाठी थांबला ते त्यालाही माहीत नव्हतं. मी जिना उतरून धावत खाली गेले, अनवाणी, कुणाला काय वाटेल याचा विचार न करता. अक्का गुडघ्यावर बसल्या होत्या. पात्याला चिकटलेला हिरवा तुकडा त्यांनी मला दाखवला, मग बोटाने वाळलेला थर बाजूला केला. खाली पांढऱ्या गाठींमधून हिरवी टोकं वर येत होती, इथे, तिथे, पार गेटपर्यंत.

"अगं बाई, कापली मी," अक्का म्हणाल्या.

"येईल परत," मी म्हणाले. इतकं ठामपणे मी बँकेतही कधी बोलले नव्हते.

त्या आत गेल्या, खुंटीवरची शिट्टी गळ्यात घातली आणि ती लांबलचक वाजवली. "मिस्त्री, दोरी गुंडाळा. मैदान रिकामं नाही."

"आई, निदान कडेला तरी ब्लॉक टाकू," मुलगी म्हणाली.

"कडेला गाडी वळते." मग माझ्याकडे वळून, "जळगाव, भटूला फोन लाव. म्हणावं, तुझा पंप परत बिघडलाय."

आता माझी बदली जळगावला झाली आहे. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. दोन ब्लॉकांच्या फटीत कुठे हरळी दिसली की मी तिच्यावर पाय पडू देत नाही. दर रविवारी सकाळी मी अक्कांना फोन करते. आम्हाला एकमेकींशी बोलण्यासारखं फारसं काही नसतं, पूर्वीही नव्हतं. "जळगाव का? थांब," असं म्हणून त्या फोन कमरेला खोचतात आणि गाडी ढकलायला लागतात. मी इकडे चहा घेऊन ऐकत बसते. चर्र, वळण, चर्र. अलीकडे मधेच आवाज थांबतो. पूर्वी तो फक्त भिंतीपाशी थांबायचा, आता अंगणाच्या मध्यावरही थांबतो. मी कप हातात धरून ठेवते. थोड्या वेळाने पलीकडे लाकडी मूठ करकरल्याचा आवाज येतो, एक श्वास ऐकू येतो, आणि गाडी पुन्हा चालायला लागते. मग मी चहाचा घोट घेते.